रक्तदाबाची गोळी बदलल्यावर हातांवर व मानेवर काळे चट्टे : हे गोळीमुळे असू शकते का?

बेदाणा

नमस्कार. प्रश्न माझ्या वडिलांबद्दल आहे. त्यांचे वय ६३ असून शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यापासून तासगाव तालुक्यातील आमची दोन एकर द्राक्षबाग ते स्वतः पाहतात. त्यांना सहा वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे. टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ एकत्र असलेल्या गोळीवर तो बरीच वर्षे आटोक्यात होता, परंतु फेब्रुवारीत सलग तीन वेळा वरचा आकडा १६० च्या पुढे भरल्यामुळे डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. नवी गोळी त्याच नावाची आहे, फक्त नावापुढे एक अक्षर जास्त आहे, त्यामुळे नेमके काय बदलले याकडे आम्ही फारसे लक्ष दिले नाही.

एप्रिलमध्ये खरड छाटणी निघाली आणि दहा-बारा दिवस ते सकाळपासून दुपार कलेपर्यंत उन्हात उभे होते. छाटणी संपता संपता दोन्ही हातांच्या कोपराखालच्या बाहेरील बाजूस, पंजांच्या पाठीवर, मानेवर आणि सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून दिसणाऱ्या छातीच्या भागावर खाज सुरू झाली. आधी तांबूस आणि मग जांभळट काळे चट्टे उमटले. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या मलमाने चार दिवस बरे वाटले, पण मलम थांबवताच सारे दुप्पट जोराने परतले.

आता घरात तीन मते आहेत. शेजारी म्हणतात की बांधावरचे गाजरगवत बाधले. फवारणीचा गडी म्हणतो की फवाऱ्याचे औषध बाधले. वडिलांचे ठाम मत असे की हे नव्या गोळीचेच काम आहे, आणि त्या मतावर विसंबून त्यांनी कोणालाही न विचारता पाच दिवस गोळी बंद ठेवली. सहाव्या दिवशी डोके जड झाले म्हणून मोजला तेव्हा रक्तदाब १७८/१०४ निघाला आणि चट्टे मात्र जसेच्या तसे होते. तेव्हा गोळी निर्दोष आहे असा निवाडा आईने दिला आणि गोळी पुन्हा सुरू झाली.

याखेरीज, साधारण वर्षभरापासून संध्याकाळी त्यांचे घोटे सुजतात आणि नडगीच्या खालच्या भागात मिरपूड सांडावी तसे तपकिरी ठिपके दिसू लागले आहेत. हे दोन्ही एकाच कारणाने होत असेल का? गोळी सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी चट्टे येऊ शकतात का, आणि गोळी थांबवूनही ते गेले नाहीत याचा अर्थ गोळीचा दोष नाही असाच घ्यायचा का?

खलबत्ता

मी तीस वर्षे औषधांच्या दुकानात काढली आहेत, निदान करणे माझे काम नाही, म्हणून जे काउंटरवरून दिसते तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटे टाकून देऊ नका. मोठ्या अक्षरातल्या नावाखाली बारीक अक्षरांत जी औषधांची नावे असतात ती भिंगाने का होईना पण वाचा, आणि जुन्या पाकिटाशेजारी नवे ठेवून पाहा. नावापुढे जे अक्षर वाढले आहे ते बहुतेक वेळा वाढलेल्या औषधाचे असते. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन यांच्या जोडीला तिसरे म्हणून आपल्याकडे सर्रास दिले जाते ते हायड्रोक्लोरोथायझाइड, १२.५ मि.ग्रॅ. ही लघवीवाटे मीठ व पाणी काढणारी गोळी आहे आणि ती १९५९ पासून वापरात आहे. माझा अंदाज खरा असेल तर तुमच्या वडिलांना एक नवी गोळी मिळालेली नसून जुन्याच दोन औषधांत तिसऱ्याची भर पडली आहे. मग शंका घ्यायचीच असेल तर ती या तिसऱ्यावर आधी घ्यावी लागेल, कारण पहिली दोन त्यांना कित्येक वर्षे सोसली आहेत. अर्थात जुने औषध कधीच बाधत नाही असेही नाही.

दुसरी गोष्ट, एका कागदावर तारखा लिहा. कोणती गोळी कोणत्या दिवशी सुरू झाली, छाटणी कधी लागली, फवारणी कोणत्या दिवशी व कशाची झाली, पहिली खाज कधी सुटली, मलम कधी लावले, गोळी कधी थांबवली. दुखण्यावर, तापावर किंवा गुडघ्यावर म्हणून अधूनमधून घेतलेली गोळी, आयुर्वेदिक चूर्ण, डोळ्यांत घालायचे थेंब, हेही त्यात हवे. रुग्ण डॉक्टरांसमोर बसला की यातले निम्मे विसरतो. पूर्वी सल्फाच्या गोळीने कधी अंगावर पुरळ आले असेल तर ते वरच लिहा, कारण हायड्रोक्लोरोथायझाइड रासायनिक घडणीने त्याच नात्यातले आहे.

तिसरे मलमाबद्दल. दुकानातून मिळालेल्या त्या नळीवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असा शब्द आहे का, ते पाहून इथे कळवा. तीव्र स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम २०१८ मध्ये झाला, तरी काउंटरवर काय चालते हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याबद्दल मला अभिमान वाटत नाही. चार दिवसांत आराम आणि बंद करताच उसळी, ही त्या मलमांची जुनी ओळख आहे.

गोळी मात्र स्वतःहून पुन्हा बंद करू देऊ नका. चट्टे दिसतात म्हणून त्यांची भीती वाटते, १७८/१०४ दिसत नाही.

वनराई

माझ्या मते या सगळ्या रासायनिक गोळ्यांनी रक्त बिघडते आणि ते कातडीवाटे बाहेर पडते. आमच्याकडे सर्पगंधाचे मूळ देण्याची पद्धत आहे. ते निसर्गातले असल्यामुळे त्याचा अपाय होत नाही आणि रक्तदाबही उतरतो. वडिलांना महिनाभर तेच देऊन पाहावे.

खलबत्ता

सर्पगंधाने रक्तदाब उतरतो यात वाद नाही, आणि ते जगाला पटवून देणारे डॉक्टर मुंबईचेच होते. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा दिलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांचा अनुभव १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला, आणि पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. काही वर्षे ते जगभर दिले जात होते. मग मागे का पडले? नाक चोंदणे, पोटात व्रण होणे आणि मुख्य म्हणजे माणूस खोल निराशेत जाणे, अशा तक्रारींमुळे. म्हणजे जे मूळ आपण निरुपद्रवी म्हणून सुचवत आहात ते औषधच आहे, फक्त त्याची मात्रा मोजलेली नाही. एका मुळात किती रिसर्पिन आहे आणि दुसऱ्यात किती, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. चालू गोळ्यांवर ते आणखी चढवले तर रक्तदाब कुठे जाईल याचा नेम नाही. कृपया असा सल्ला अनोळखी माणसाच्या वडिलांसाठी देऊ नये.

पारिजात

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. रुग्ण न पाहता निदान करता येत नाही आणि करूही नये. परंतु प्रश्न इतक्या नीटपणे मांडला आहे की विचार कसा करायचा ते सविस्तर सांगता येईल.

आधी कालावधीबद्दल. औषधाने अंगभर येणारे नेहमीचे गोवरासारखे पुरळ औषध सुरू झाल्यापासून साधारण ४ ते १४ दिवसांत दिसते, आणि म्हणून ‘दोन महिन्यांनी आले म्हणजे गोळीचे नव्हे’ असा समज पसरलेला आहे. प्रत्यक्षात औषधाच्या सगळ्याच प्रतिक्रिया त्या वेळापत्रकाने चालत नाहीत. हायड्रोक्लोरोथायझाइडमुळे त्वचा उन्हाला हळवी होते. औषध त्वचेत असते, पण त्याला चेतवायला ऊन लागते. मनुष्य घरात किंवा सावलीत असेल तर महिनोन्‌महिने काहीच घडत नाही, आणि तोच मनुष्य एप्रिलच्या उन्हात दहा दिवस छाटणीला उभा राहिला की आठवड्याच्या आत चट्टे येतात. तेव्हा आपल्या वडिलांच्या बाबतीत दिवस मोजायचे असतील तर ते गोळीच्या पहिल्या दिवसापासून मोजण्यापेक्षा छाटणीच्या पहिल्या दिवसापासून मोजावेत. त्या हिशेबाने कालावधी तंतोतंत जुळतो.

पाच दिवस गोळी थांबवून चट्टे गेले नाहीत, यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. औषध शरीरातून काही दिवसांत निघून गेले तरी त्वचेत सुरू झालेला दाह शमायला आठवडे लागतात, आणि जांभळट काळा रंग मागे राहिला असेल तर तो जायला महिने लागतात. त्यात त्या पाच दिवसांत ते उन्हात गेले नव्हते असेही आपण लिहिलेले नाही. आईंचा निवाडा थोडा घाईचा झाला, असे नम्रपणे म्हणावे लागेल.

आता सर्वांत उपयोगाची गोष्ट, ती म्हणजे चट्टे कुठे आहेत आणि कुठे नाहीत. गाजरगवताचा संशय मी अजिबात हसण्यावारी नेणार नाही. हे तण आपल्या देशात १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेले, आणि त्यानंतर महाराष्ट्रातील त्वचारोगतज्ज्ञांना त्याच्या ॲलर्जीचे इतके शेतकरी पाहावे लागले आहेत की उघड्या अंगावर खाजरे चट्टे घेऊन आलेल्या कष्टकऱ्याला हा प्रश्न विचारल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. पण गाजरगवताचे बारीक कण हवेतून येतात आणि सावलीतही पोचतात. त्यामुळे ते पापण्यांवर, कानामागे, हनुवटीखाली, नाकाच्या बाजूच्या घड्यांत, मानेच्या वळ्यांत आणि कोपराच्या आतल्या खळग्यात बसतात, आणि पुरळही तिथेच जास्त येते. उन्हाचे तसे नाही. ऊन जिथे पडते तिथेच त्याचे काम. नाकाचा शेंडा, गालाची उंच हाडे, मानेची मागची व बाजूची कातडी, हातांची पाठ ही ठिकाणे उन्हाने भाजतात आणि वरच्या पापण्या, हनुवटीखालची सावली, कानामागची जागा, घड्याळाच्या पट्ट्याखालची पट्टी ही ठिकाणे कोरी राहतात. वडिलांना उजेडात बसवून हनुवटी वर करायला सांगा, कान पुढे वळवून मागे पाहा, घड्याळ व अंगठी काढून खाली पाहा. या चार जागा डॉक्टरांना जे सांगतात ते पुष्कळदा रक्ताच्या तपासणीतूनही कळत नाही. फवारणीच्या औषधाचे पुरळ असेल तर ते सहसा फवारणीच्या तारखांशी बांधलेले असते आणि पंप पाठीवर असणाऱ्याच्या पाठीवर, मांड्यांवर, म्हणजे ओल झिरपते तिथेही दिसते.

आणखी एक अडचण आपल्या त्वचेच्या रंगाची आहे. पुस्तकांतली चित्रे बहुतेक गोऱ्या त्वचेची असतात आणि त्यांत उन्हाची प्रतिक्रिया लालभडक दिसते. सावळ्या त्वचेत लाली लपते आणि काळसर, करडा किंवा जांभळट रंगच पुढे येतो, म्हणून लोक त्याला ‘उन्हाने रापले’ म्हणून सोडून देतात. रापण्याला खाज नसते, कडा नसते, हा फरक लक्षात ठेवावा. थायझाइडप्रमाणेच रक्तदाबाच्या इतर काही गोळ्यांनीही लायकेन प्लॅनस या त्वचारोगासारखे दिसणारे जांभळट चपटे खाजरे पुरळ येऊ शकते आणि ते कित्येकदा औषध सुरू झाल्यावर महिन्यांनी, क्वचित वर्षांनी येते. डिल्टियाझेम या गोळीने सावळ्या रुग्णांच्या चेहऱ्यावर पाटीसारखा करडा रंग चढल्याच्याही नोंदी आहेत. तोंडात गालाच्या आतून पांढऱ्या जाळीसारख्या रेषा आहेत का, हे लायकेन प्लॅनसच्या शंकेनेच पाहिले जाते.

घोट्यांची सूज आणि ठिपके हा वेगळा विषय आहे आणि त्याचा संशयित अ‍ॅम्लोडिपिन आहे. बागाईतदाराला समजेल अशा शब्दांत सांगायचे तर हे औषध पाटाचे दार पूर्ण उघडते, पण वाफ्यातून पाणी बाहेर जाण्याची वाट पूर्वीइतकीच अरुंद राहते. रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या सैल होतात, परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या होत नाहीत, आणि दिवसभर उभे राहणाऱ्या माणसाच्या घोट्यात पाणी साचते. हे मात्रेवर अवलंबून असते, ५ मि.ग्रॅ. पेक्षा १० मि.ग्रॅ. ला बरेच जास्त दिसते, आणि लघवीच्या गोळीने फारसे हटत नाही, कारण शरीरात पाणी जास्त झालेले नसते, ते चुकीच्या जागी थांबलेले असते. सूज फार दिवस राहिली की बारीक केशवाहिन्यांतून रक्ताचे कण झिरपतात आणि त्यांतल्या लोहाचे तपकिरी ठिपके उमटतात. दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर हा विचार करावा. एकच पाय सुजला आणि दुखला, किंवा सूज येताना धाप लागू लागली, तर गोळीला दोष देत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

हायड्रोक्लोरोथायझाइडचे नाव शोधताच आपल्याला त्वचेच्या कर्करोगाचा उल्लेख सापडेल आणि झोप उडेल, म्हणून आधीच सांगते. डेन्मार्कमधील नोंदींच्या अभ्यासानंतर २०१८ मध्ये युरोपात आणि २०२० मध्ये अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकात तशी सूचना घातली गेली, हे खरे आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलेला अंदाज असा, की हे औषध घेणाऱ्या १६,००० रुग्णांमागे वर्षाला सुमारे एक जास्तीचा रुग्ण, आणि एकूण ५०,००० मि.ग्रॅ. किंवा अधिक औषध घेतलेल्या गोऱ्या रुग्णांत ६,७०० मागे एक. रोज १२.५ मि.ग्रॅ. घेतले तर ५०,००० चा टप्पा गाठायला जवळपास अकरा वर्षे लागतात. आपल्या वडिलांनी हे औषध तीन महिने घेतले आहे. त्यामुळे आज काळजी करायची ती खाजेची आणि रक्तदाबाची.

गोळी बदलायची की नाही हे रक्तदाबाचे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना हा प्रश्न थेट विचारा की तिसरे औषध काढून दुसऱ्या मार्गाने आकडा आटोक्यात आणता येईल का. क्लोरथॅलिडोन व इंडापामाइड याही त्याच नात्यातल्या गोळ्या आहेत. एकीने त्रास झाला म्हणजे दुसरीने होईलच असे नाही, पण होऊ शकतो, हे मनात असावे. तोवर पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, कान व मान झाकणारा रुमाल किंवा रुंद काठाची टोपी, आणि बागेतली कामे शक्य तितकी सकाळी नऊच्या आत. उन्हाचे मलम घेणार असाल तर केवळ एसपीएफचा आकडा न पाहता पीए पुढे तीन-चार अधिक चिन्हे असलेले घ्या, कारण या प्रतिक्रियेला कारण होणारे दीर्घ अतिनील किरण खिडकीच्या काचेतूनही येतात. बसच्या खिडकीशी रोज एकाच बाजूला बसणाऱ्या रुग्णाचा एकच हात काळवंडलेला मी पाहिला आहे.

ताप, तोंडात किंवा डोळ्यांत व्रण, कातडीवर फोड येऊन ती सोलणे, चेहरा सुजणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र वरचे सारे बाजूला ठेवून थेट रुग्णालयात जावे.

वारणाकाठ

डॉक्टरांनी शेवटच्या ओळीत लिहिलेले चेहऱ्याच्या सुजेचे लक्षण मी स्वतः भोगले आहे, म्हणून लिहिते. मी तीन वर्षे रक्तदाबासाठी रामिप्रिल घेत होते आणि सुरुवातीचा थोडा कोरडा खोकला सोडला तर काहीही तक्रार नव्हती. एके दिवशी पहाटे उठले तर खालचा ओठ दुप्पट झालेला. सासूबाई म्हणाल्या की पित्त उठले आहे, आणि मलाही तसेच वाटले. आमसुलाचे पाणी अंगाला लावले, तेच प्यायले, एक ॲलर्जीची गोळी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी ओठ मूळपदावर आला, त्यामुळे आमसुलाचा जयजयकार झाला. दोन महिन्यांनी जीभ सुजली. बोलणे बोबडे होऊ लागले तेव्हा मात्र रुग्णालय गाठले आणि रात्रभर देखरेखीखाली राहावे लागले.

तिथल्या डॉक्टरांनी जे समजावले ते मला आजवर कोणीच सांगितले नव्हते. पित्त उठते तेव्हा गांधी येतात, त्या खाजतात आणि एका जागची गांधी दिवसभरात विरून दुसरीकडे उठते. प्रिल या अक्षरांनी संपणाऱ्या गोळ्यांनी येणाऱ्या सुजेला खाज नसते, गांधी नसतात, आणि नेहमीची ॲलर्जीची इंजेक्शने तिच्यावर फारशी चालत नाहीत, कारण ती ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्यामुळे येते. हे हजारात एक ते सात जणांनाच होते, पण कधी होईल याला मुदत नाही, पहिल्या आठवड्यात होईल किंवा माझ्यासारखे तीन वर्षांनी. ओठाची पहिली सूज हीच सूचना होती आणि ती मी आमसुलात बुडवली. आता माझ्या पर्समध्ये ‘या गटाची गोळी कधीही देऊ नये’ अशी चिठ्ठी असते.

जवारी

थोडे विषयाच्या काठावरचे, पण गोळ्यांच्याच संदर्भात. मला वीस वर्षांपासून कोपरांवर व डोक्यात थोडासा सोरायसिस आहे, जो असून नसल्यासारखा होता. धडधड आणि रक्तदाब यांसाठी मेटोप्रोलोल सुरू झाल्यावर चार-पाच महिन्यांत त्याच्या खपल्या पाठभर पसरल्या, आणि थंडीत बोटांची टोके इतकी गार पडू लागली की सतारीच्या तारेवर बोट आहे की नाही हे ऐकूनच कळायचे. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना सोरायसिसबद्दल मी सांगितलेच नव्हते, कारण तो कातडीचा आजार आणि हे हृदयाचे डॉक्टर, संबंध काय, असा माझा हिशेब. पुढे त्यांनी गोळी तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवत बंद केली. एकदम बंद केली असती तर रक्तदाब आणि ठोके दोन्ही उसळले असते, असे त्यांनी बजावले होते.

पारिजात

वारणाकाठ यांनी लिहिले त्यात एकाच गोष्टीची भर घालते. मधुमेहासाठी व्हिल्डाग्लिप्टिनसारखी गोळी चालू असताना प्रिल गटातली गोळीही चालू असेल तर अशा सुजेची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे दोन्ही आजार एकाच माणसाला असणे नित्याचे आहे. तेव्हा दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकमेकांना दाखवाव्यात. जवारी यांच्या बाबतीत जे घडले ते बीटा ब्लॉकर गटाच्या गोळ्यांबद्दल चांगलेच माहीत असलेले आहे, आणि सोरायसिस कितीही किरकोळ असो, तो रक्तदाबाच्या डॉक्टरांना सांगायलाच हवा.

बेदाणा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण निकाल हाती आल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

पाकिटावरचे बारीक अक्षर वाचले. खलबत्ता यांचा अंदाज बरोबर होता, तिसरे औषध हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ हेच निघाले. मलमावर क्लोबेटासॉल होते, ते बंद केले. पारिजात यांनी सांगितलेल्या चारही जागा उजेडात पाहिल्या. पापण्या स्वच्छ, कानामागे काही नाही, हनुवटीखाली पांढरी अर्धचंद्राकार सावली, आणि घड्याळ काढल्यावर मनगटावर इतकी सरळ उजळ पट्टी की घड्याळच हातावर आहे असे वाटावे. सांगलीतल्या त्वचारोगतज्ज्ञांनीही आधी तेच पाहिले. तरी त्यांनी पाठीवर चिकटपट्ट्यांची चाचणी केली, ४८ तासांनी पट्ट्या काढल्या आणि पुन्हा दोन दिवसांनी पाहिले, तर गाजरगवताच्या जागी फिकट तांबूस डाग निघाला. म्हणजे शेजारीही अगदीच चुकले नव्हते. डॉक्टरांचे म्हणणे असे पडले की गाजरगवताची थोडी ॲलर्जी आहे खरी, पण आताच्या चट्ट्यांची ठेवण तिच्याशी जुळत नाही. बांधावरचे गवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटायचे, पण ते वडिलांनी स्वतः नाही, दुसऱ्या कोणीतरी.

रक्तदाबाच्या डॉक्टरांनी सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून तिसरे औषध काढले, टेल्मिसार्टन ८० केले आणि अ‍ॅम्लोडिपिनऐवजी सिल्निडिपिन १० दिले, कारण त्याने पायांना सूज कमी येते. घरी रोज सकाळी मोजतो. गेल्या आठवड्यातले आकडे १३४ ते १४० आणि खालचे ८० ते ८६ यांच्या दरम्यान आहेत. घोटे दोन आठवड्यांत उतरले. खाज गेली. काळेपणा मात्र आहे तसाच आहे, आणि आई अजून म्हणते की गोळीचा दोष असता तर रंगही गेला असता. तो जायला किती दिवस लागतील? आणि असा त्रास कुठे कळवायचा असतो का?

खलबत्ता

कळवायचा असतो, आणि रुग्णाने स्वतः कळवलेलाही चालतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. विनाशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४. औषधाचे नाव, पाकिटावरचा बॅच क्रमांक, सुरू व बंद केल्याच्या तारखा आणि काय झाले एवढे सांगता आले पाहिजे. तो तारखांचा कागद आता कामाला येईल.

पारिजात

दाह गेला, आता उरला आहे तो त्वचेच्या खालच्या थरात उतरलेला रंग, आणि सावळ्या त्वचेत तो सहा महिने ते वर्षभर, काहींच्यात त्याहून अधिक टिकतो. उजळवणाऱ्या मलमांच्या मागे लागू नका, त्यांपैकी कित्येकांत पुन्हा स्टेरॉइडच असते. औषध थांबल्यावरही काही आठवडे त्वचा उन्हाला हळवी राहते, म्हणून ऑक्टोबरच्या फळ छाटणीपर्यंत तरी रुमाल आणि पूर्ण बाह्या सोडू नयेत. रंग उतरतो आहे की नाही हे रोज पाहून कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, घड्याळ काढून मनगटाचा फोटो घ्या. पट्टीची कड पुसट होऊ लागली की रंग उतरतो आहे असे समजा, आणि ते फोटो आईंनाही दाखवा.